नव्या स्विमिंग पूलला तडे गेले? सिमेंट फासण्याआधी हे समजून घ्या

मे महिन्यात खोदकाम झालं, सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं. पंधरा दिवसांनी शटरिंगच्या फळ्या काढल्या आणि भिंतीवर वरून खाली गेलेली एक बारीक रेघ दिसली. दोन दिवसांनी तळाला दुसरी. मालक घाबरला. मिस्त्री म्हणाला, "काँक्रीट आहे साहेब, एवढं चालतंच. टाइल्स लागल्या की दिसणार पण नाही."

उरण परिसरात हे चित्र नवीन नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी लोकल रेल्वेही थेट उरणपर्यंत पोहोचली. मुंबई जवळ आली तशी इथे बंगले, फार्महाऊस आणि गृहसंकुलांची कामं वाढली. बंगला आला की अंगणातला पूलही आला. पण समुद्र, खाडी आणि भरावाच्या जमिनीवर पाण्याचा हौद बांधणं हे घर बांधण्यापेक्षा वेगळं काम आहे.

मग मिस्त्री म्हणतो ते खरं की खोटं? अर्धं खरं. काँक्रीटला बारीक भेगा पडतातच. पण काही भेगा निरुपद्रवी असतात, काहींतून पाणी गळतं आणि काही भेगा "खालची जमीन हलतेय" असं सांगत असतात. दिसायला तिन्ही सुरुवातीला सारख्याच. त्यामुळे तडा कसा बुजवायचा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तो का पडला?

काँक्रीटला तडे पडतातच का?

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसायला कमकुवत असतं. ताण घेण्यासाठी त्यात लोखंडी सळ्या घालतात. अडचण अशी की काँक्रीट वाळताना आकसतं. इमारतींच्या काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ हे आकसणं साधारण ०.०००३ पट धरायला सांगतं. आकडा छोटा वाटतो, पण १० मीटर लांबीच्या पूलमध्ये तो ३ मिलिमीटर होतो.

तापमानाचंही तसंच. काँक्रीट दर अंश सेल्सियसला लांबीच्या साधारण एक लाखांश इतकं फुगतं किंवा आकसतं. रिकामा पूल दुपारी उन्हात तापला आणि रात्री २० अंशांनी थंड झाला, तर १० मीटरमागे २ मिलिमीटरची हालचाल होऊ शकते. तळ जमिनीला धरून असतो, भिंती तळाला जोडलेल्या असतात. आकसायला मोकळीक मिळत नाही, म्हणून काँक्रीट कुठेतरी फाटतं.

म्हणूनच इंजिनिअर "एकही भेग पडणार नाही" असं डिझाइन करत नाहीत. सळ्या जवळजवळ बांधून एका मोठ्या तड्याऐवजी अनेक केसासारख्या भेगा पडतील असं बघतात. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी आयएस ३३७० हे वेगळं मानक आहे. त्यात भेगेच्या रुंदीची मर्यादा ०.२ मिलिमीटर धरली आहे.

०.२ मिलिमीटर म्हणजे किती? साध्या ए-फोर कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे दोन कागद एकावर एक ठेवले की झाली मर्यादा. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर भेगेत कागदाची कड घालून बघता येते. दोन कागद सहज आत जात असतील तर प्रकरण मिस्त्रीवर सोडण्यासारखं नाही. अचूक मापासाठी भेगेची रुंदी मोजायचं पारदर्शक कार्ड मिळतं, त्याची किंमत फार नसते.

तडा कधी पडला, यावरून कारण कळतं

डॉक्टर ताप कधीपासून आहे हे आधी विचारतो. तड्याचंही तसंच आहे.

*पहिल्या काही तासांत:* काँक्रीट ओलं असतानाच वरचं पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उडून गेलं तर पृष्ठभागावर आखूड, एकमेकींना समांतर भेगा उमटतात. समुद्राकडून वारा सुटलेला असताना भर दुपारी तळाचं काँक्रीट टाकलं की हमखास हे होतं. या भेगा बहुतेक वेळा उथळ असतात. काँक्रीट घट्ट होण्याआधी दिसल्या तर परत थापी मारून त्या मिटवता येतात.

*सळईच्या रेषेवर:* ओलं काँक्रीट खाली बसत असतं, पण सळईवर अडतं. मग वरच्या बाजूला सळ्यांची जाळी जशी आहे तशाच रेषा उमटतात. व्हायब्रेटर नीट न चालवणं, काँक्रीट पातळ असणं आणि सळईवरचं कव्हर कमी पडणं ही नेहमीची कारणं. अशा भेगेतून पाणी थेट लोखंडापर्यंत जातं, म्हणून ती बारीक असली तरी सोडून चालत नाही.

*काही आठवड्यांत:* लांब भिंतीच्या साधारण मध्यावर किंवा ठरावीक अंतरावर उभ्या भेगा दिसल्या तर त्या बहुतेक आकसण्याच्या असतात. क्युरिंग कमी झालं असेल, म्हणजे पाणी नीट मारलं नसेल, तर त्या जास्त पडतात.

*आडवी सरळ रेघ:* तळ आणि भिंत जिथे जुळतात तिथे, किंवा भिंतीत एका उंचीवर सरळ आडवी रेघ असेल, तर तो तडा नसून सांधा असू शकतो. एक थर टाकला, तो घट्ट झाला आणि नंतर दुसरा थर पडला की दोन थर एकजीव होत नाहीत. न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरच्या गर्दीत रेडीमिक्सची गाडी अडकली की हा धोका वाढतो. रेडीमिक्स काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामं व्हावं असा नियम आहे. जास्त वेळ हवा असेल तर काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन प्लांटवरच घालावं लागतं. साइटवर बादलीने पाणी ओतून उपयोग नसतो, उलट नुकसान होतं.

*तिरका, रुंद, एका बाजूला बसलेला:* तड्याच्या दोन कडांवरून बोट फिरवा. एक कड वर आणि एक खाली लागत असेल, तडा कोपऱ्यातून तिरका निघालेला असेल, किंवा उथळ भागाचा तळ खोल भागाकडे उतरतो त्या वळणावर आरपार गेलेला असेल, तर जमीन बसत असण्याची शक्यता मोठी. इथे काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

*गंजाचा डाग:* भेगेतून तपकिरी ओघळ येत असेल तर आतली सळई गंजतेय. नव्या पूलमध्ये लगेच असं दिसलं तर कव्हर कमी असणं, खारं पाणी किंवा बाहेर राहिलेलं तारेचं टोक यांपैकी काहीतरी असतं.

उरणमध्ये धोका वेगळा का?

पहिलं कारण जमीन. तालुक्यात एकीकडे द्रोणागिरीचा डोंगर आहे, दुसरीकडे खाडी, मिठागरं आणि भरावाची जमीन. खाडीकाठचा काळा चिखल मऊ असतो आणि वर वजन आलं की वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतो. त्यावर मुरूम टाकून जमीन वर आणली तरी खालचा चिखल तसाच राहतो. पूलचं अर्धं अंग कठीण मुरमावर आणि अर्धं भरावावर आलं तर एक बाजू बसते, दुसरी जागेवर राहते आणि मधे तडा जातो. असा तडा कितीही चांगल्या केमिकलने भरला तरी पुन्हा उघडतो, कारण कारण खाली आहे.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये ७० हजार लिटर पाणी मावतं. त्याचं वजन ७० टन, काँक्रीटचं वेगळं. बंगल्यासाठी माती तपासली असेल आणि पूलसाठी तपासली नसेल, तर हे वजन कशावर उभं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

दुसरं कारण मीठ. क्लोराइड हा लोखंडाचा शत्रू. सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं आयएस ४५६ सांगतं. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. मिसळायला टँकरचं गोडं पाणी आणायचं आणि क्युरिंगला मात्र बोअरचं खारं पाणी मारायचं, हेही चुकीचंच. तपासणी प्रयोगशाळेत होते. ती काम सुरू होण्याआधी करायची.

तिसरं कारण पावसाळा, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

रिकामा पूल होडीसारखा तरंगू शकतो

करंजाच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, होडी का तरंगते? बाहेरचं पाणी तिला वर ढकलतं आणि तिचं स्वतःचं वजन त्यापेक्षा कमी असतं. जमिनीत गाडलेल्या रिकाम्या पूलचंही तसंच होतं.

वरच्याच मापाचा पूल घेऊ. तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाड धरल्या तर काँक्रीटचं वजन साधारण ५० टन भरतं. जमिनीतलं पाणी पूलच्या तळाच्या खालच्या पातळीपासून फक्त १ मीटर वर चढलं, तर ते पूलला सुमारे ५६ टन जोराने वर ढकलतं. मातीचं घर्षण थोडी मदत करतं, पण हिशोब काठावरचा आहे. पूल पूर्ण उचलला गेला नाही तरी तळाचा स्लॅब मधे फुगतो आणि त्याला तडे जातात.

कोकणात जून-जुलैत जमिनीतलं पाणी अनेक ठिकाणी वर येतं, खाडीकाठच्या सखल भागात तर फावडं मारलं की पाणी लागतं. अशा वेळी "तडा दुरुस्त करायचाय, पूल रिकामा करा" असं म्हणून पंप लावणं म्हणजे छोट्या दुखण्यावर मोठं दुखणं ओढवून घेणं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

- पावसाळ्यात अर्धवट झालेला पूल रिकामा ठेवू नये. त्यात पाणी राहू द्यावं. मात्र भोवती पक्कं कुंपण हवं. साचलेलं पाणी लहान मुलांसाठी जीवघेणं असतं आणि डासही होतात.
- पूलशेजारी तळापेक्षा खोल जाणारा एक भोकं पाडलेला पाइप उभा गाडून ठेवावा. त्यात किती पाणी आहे यावरून जमिनीतली पातळी कळते. गरज पडली तर त्यातूनच पंपाने पाणी काढता येतं.
- तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवता येतो. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी पूलमध्ये येऊ देतो. पूलमध्ये गढूळ पाणी आलेलं परवडतं, फुटलेला तळ परवडत नाही.

तडा दिसला तर आधी काय करायचं?

सगळ्यात आधी, काहीही फासायचं नाही. वर सिमेंटचा हात मारला की पुरावाही जातो आणि निदानही.

१. *खूण करा.* तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. रुंदी मोजा, तीही शेजारी लिहा. पट्टी शेजारी धरून फोटो काढा. टोक रेघेपलीकडे गेलं की तडा वाढतोय हे उघड होतं.

२. *हलतोय का बघा.* तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावा. तडा हलला की काच किंवा ठिपका तुटतो. निदान दोन-तीन आठवडे बघायला हवं. सकाळी आणि दुपारी रुंदी वेगळी येत असेल तर ती उन्हाची हालचाल. सतत वाढतच असेल तर ते जमिनीचं किंवा भाराचं लक्षण.

३. *गळतंय का बघा.* पूल हळूहळू भरा. नवं काँक्रीट आधी पाणी पितं, त्यामुळे पहिल्या दिवसांतली घट म्हणजे गळती नव्हे. आयएस ३३७० मधली पद्धत अशी आहे की भरल्यावर ७ दिवस जाऊ द्यायचे, मग पुढचे ७ दिवस रोज ठरल्या वेळी पातळी मोजायची.

४. *बादलीची चाचणी.* उघड्या पूलमधून पाण्याची वाफही होते. ती वजा कशी करायची? पूलच्या पायरीवर एक बादली ठेवा, तिच्यात पूलइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरा आणि आत-बाहेर खूण करा. २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर ती वाफ. पूलची पातळी जास्त उतरली असेल तर तेवढी गळती. ५० चौरस मीटरच्या पूलमध्ये १ मिलिमीटर घट म्हणजे ५० लिटर पाणी. म्हणजे दिवसाला १ सेंटिमीटर जादा उतरलं तर ५०० लिटर जमिनीत गेलं. चाचणीच्या काळात पंप बंद ठेवा आणि पाऊस नको.

५. *नेमकी जागा शोधा.* पाणी स्थिर असताना ड्रॉपरने खाण्याच्या रंगाचे थेंब तड्याजवळ सोडा. रंग आत ओढला गेला तर तिथून पाणी जातंय. हीच चाचणी पाइप, दिवा आणि जाळीच्या कडांना जरूर करा. अनेकदा बदनाम होतो तडा आणि गळत असतो पाइपचा सांधा.

ही चाचणी टाइल्स लावण्याआधी, आणि शक्य असेल तर बाहेरून माती भरण्याआधी करायची असते. बाहेरची बाजू उघडी असेल तर ओला डाग थेट दिसतो. मात्र मातीचा आधार नसताना भरलेल्या पाण्याचा दाब भिंत पेलेल का, हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला आधी विचारून घ्यावं.

चाचणीत एक दिलासाही मिळू शकतो. खूप बारीक, न हलणाऱ्या भेगेत पाणी शिरलं की काँक्रीटमधला चुना विरघळून पांढऱ्या खड्यांच्या रूपाने भेगेतच जमतो आणि ती आपोआप बुजते. पहिल्या आठवड्यात झिरपणारी केसासारखी भेग दुसऱ्या आठवड्यात कोरडी होते ती यामुळे.

मग दुरुस्ती कशी करतात?

निदान झाल्यावर औषध ठरतं. ढोबळ वर्गवारी अशी.

*बारीक, न हलणारी, न गळणारी भेग:* पृष्ठभाग घासून साफ करायचा आणि वर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, द्यायचे. क्रिस्टलाइन प्रकारचं वॉटरप्रूफिंगही चालतं. ते ओलाव्याबरोबर काँक्रीटच्या छिद्रांत शिरून तिथे खडे तयार करतं.

*रुंद किंवा आरपार, पण न हलणारा, कोरडा तडा:* इथे एपॉक्सीचं इंजेक्शन देतात. तड्यावर ठरावीक अंतराने नळ्या बसवतात, मधली रेघ एपॉक्सी पुट्टीने बंद करतात आणि खालच्या नळीतून दाबाने पातळ एपॉक्सी भरतात. वरच्या नळीतून ते बाहेर आलं की खालची बंद करून पुढच्या नळीवर जातात. नीट झालेल्या कामात काँक्रीटचे दोन तुकडे परत जोडले जातात. पण तडा ओला किंवा धुळीने भरलेला असेल तर साधं एपॉक्सी धरत नाही.

*पाणी वाहत असलेला तडा:* इथे पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू इंजेक्शन. पाणी लागलं की ते फुगतं आणि वाट बंद करतं. पण त्याने ताकद परत येत नाही, फक्त गळती थांबते. कंत्राटदार "इंजेक्शन केलं" म्हणाला तर कोणतं, हे विचारायला हवं.

*हलणारा तडा:* यात कडक काहीही भरलं तर शेजारी नवा तडा पडतो. आधी हालचालीचं कारण दूर करायचं, मग गरजेनुसार लवचिक सीलंट किंवा सळ्यांनी शिवण.

*मधमाशीच्या पोळ्यासारखं सच्छिद्र काँक्रीट:* वरून प्लास्टर करून भागत नाही. पोकळ भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडायचा, गंजलेली सळई साफ करून तिला गंजरोधक लावायचं आणि दुरुस्तीच्या मॉर्टरने भरायचं.

*तळ-भिंतीचा सांधा:* बांधतानाच सांध्यात वॉटरबार घातला असता तर बरं झालं असतं. तो नसेल तर इंजेक्शन करून कोपऱ्यात गोलाई काढतात. मिस्त्री तिला "वाटा" म्हणतात. त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात येतो.

तडा भरणं आणि कारण दूर करणं ही दोन वेगळी कामं आहेत, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोयना धरण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने सुमारे १०३ मीटर उंचीच्या या धरणाच्या काही भागांना आडवे तडे गेले. ते एपॉक्सीने भरले गेले. पण काम तिथे थांबलं नाही. पुढच्या काही वर्षांत धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं. अंगणातल्या पूलचं आणि धरणाचं प्रमाण वेगळं, पण क्रम तोच.

निर्णय कुणी घ्यायचा?

इथे अनेक जण फसतात. तडा दाखवायला ज्याला बोलावलं तोच केमिकल विकणारा असेल, तर उत्तर केमिकलच येणार. आणि ज्याने काँक्रीट टाकलं तोच "काही नाही" म्हणणार. त्यामुळे यातलं काहीच न विकणाऱ्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घेणं शहाणपणाचं. तो रिबाउंड हॅमर किंवा ध्वनिलहरींच्या चाचणीने काँक्रीटचा दर्जा बघतो आणि गरज वाटली तर छोटा दंडगोल नमुना कापून प्रयोगशाळेत पाठवतो. पूर्ण पूल तोडून पुन्हा बांधण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असतो.

खर्च कुणाचा?

*पूल गृहसंकुलातला असेल तर:* रेरा कायदा २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. महाराष्ट्रात तक्रार महारेराकडे करायची. सोसायटीने तारखेसह फोटो आणि लेखी पत्र आधी पाठवलेलं असावं.

*स्वतःच्या बंगल्यातला असेल तर:* इथे कंत्राटदाराशी झालेला करार महत्त्वाचा. दोषदायित्व किती महिने, आणि तोवर बिलातली किती रक्कम राखून ठेवायची, हे करारात लिहिलेलं हवं. "पाण्याची चाचणी पास झाल्यावरच पुढचा हप्ता" ही एक ओळ करारात असली तरी बरीच भांडणं टळतात. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार "सेवा" आहे. त्यामुळे दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडेही मागता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा पातळीवर चालतं, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत ती करावी लागते. रायगडचा आयोग अलिबागला आहे.

दोन्ही ठिकाणी भिंतीवरच्या तारखा आणि पातळीच्या नोंदी कामाला येतात.

अजून पूल बांधायचाय? मग हे आधीच ठरवा

- पूलच्या जागेवरची माती वेगळी तपासून घ्या. खाडीकाठी किंवा भरावावर असाल तर हे टाळूच नका.
- डिझाइन दोन्ही स्थितींसाठी हवं: आत पाणी, बाहेर माती नाही, आणि आत रिकामा, बाहेर माती व पाणी.
- किनारी हवामानासाठी निदान एम-३० दर्जाचं काँक्रीट. सिमेंटच्या तुलनेत पाण्याचं प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नको. म्हणजे ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त २२.५ लिटर, आणि रेती ओली असेल तर त्यातलं पाणीही याच हिशोबात.
- सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर. त्यासाठी कव्हर ब्लॉक घाला, विटेचा तुकडा किंवा खडी नको.
- सगळे पाइप, दिवे आणि जाळ्यांचे डबे काँक्रीट टाकण्याआधी बसवा. नंतर भिंत फोडून पाइप घालणं म्हणजे गळतीला आमंत्रण.
- उन्हाळ्यात काँक्रीट पहाटे किंवा संध्याकाळनंतर टाका. लगेच प्लास्टिकने झाका, मग गोणपाट घालून ओलं ठेवा.
- क्युरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटला किमान १० दिवस. बाजारात मिळणारं बरंच सिमेंट दुसऱ्या प्रकारचं असतं, म्हणून गोणीवर वाचा. कडक उन्हात १४ दिवस धरून चालणं चांगलं.
- क्रम बदलू नका: काँक्रीट, क्युरिंग, पाण्याची चाचणी, दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, पुन्हा चाचणी आणि मग टाइल्स.

शेवटच्या ओळीवरच सगळ्यात जास्त घाई होते. गृहप्रवेशाची तारीख ठरलेली असते, पाहुणे यायचे असतात, आणि दोन चाचण्यांचे तीन-चार आठवडे जड वाटतात. पण टाइल्सखाली झाकलेला तडा शोधायचा तर टाइल्स फोडाव्या लागतात, वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं आणि तोवर आतल्या सळईला गंज चढलेला असू शकतो. त्यामुळे मिस्त्री "टाइल्स लागल्या की दिसणार नाही" म्हणाला, तर टाइल्सचं काम थांबवायचं, पूल भरायचा आणि बादली पायरीवर ठेवायची.